०, ९, ३३ की ६३? ख्रिस्ती समाजाची मोजणी आणि आपली भूमिका

भारतातल्या ख्रिस्ती समाजात पूर्वाश्रमीचे अस्पृश्य किती टक्के आहेत? प्रश्न साधा आहे, पण उत्तरे चार मिळतात. जनगणनेला विचारा, ती म्हणेल शून्य. केंद्र सरकारच्याच नमुना सर्वेक्षणाला विचारा, ते म्हणेल ९ टक्के. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने केलेले सर्वेक्षण म्हणते ३३ टक्के. आणि खुद्द कॅथलिक बिशपांची परिषद आपल्या समाजाबद्दल जे आकडे देते त्यांचा हिशेब केला तर कॅथलिकांपुरते उत्तर येते जवळपास ६३ टक्के.

माणसे तीच, देश तोच. मग शून्यापासून त्रेसष्टपर्यंत हा प्रवास कसा झाला? आकडा कोण मोजतो, कशासाठी मोजतो आणि कोणता प्रश्न विचारायचा टाळतो, हे पाहिल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. "हा ख्रिश्चनांचा प्रश्न आहे, आपल्याला काय त्याचे?" असे म्हणणाऱ्या आपल्या तरुण मित्रांसाठी हा लेख आहे. आमचे म्हणणे असे की या शून्यामागे जो कायदा आहे त्याच कायद्याने आपल्यालाही ३४ वर्षे बाहेर ठेवले होते. आणि या शून्याला कसे उत्तर द्यायचे हे आपल्याला याच रायगड जिल्ह्यातल्या एका तळ्याने शिकवले आहे.

कोर्लई : धर्म बदलला, जात कुठे गेली?

रायगडच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म इंग्रजांच्या कितीतरी आधी आला. १५२१ नंतर पोर्तुगीजांनी चौल-रेवदंडा येथे आपले ठाणे बसवले. १७४० मध्ये ते मराठ्यांच्या ताब्यात गेले आणि पोर्तुगीज सत्ता गेली. पण धर्मांतरित माणसे कुठे जाणार? ती इथलीच होती. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर, कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची वस्ती आजही आहे. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली त्यांची बोली, 'नो लिंग' म्हणजे 'आमची भाषा', आजही तिथे बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये या बोलीवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

भाषेच्या नवलाईवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येते. पर्यटक येतात, व्हिडिओ काढतात, निघून जातात. आम्हाला त्यातला वेगळा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. एवढीशी वस्ती आपली भाषा इतकी वर्षे टिकवू शकली ती का? क्लेमेंट्स यांनी दिलेल्या कारणांत सामाजिक कारण मोठे आहे. हे लोक धर्माने हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांपासून वेगळे पडले आणि मूळच्या खालच्या जातींमुळे वरच्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासूनही वेगळे राहिले. लग्ने आपापसातच झाली. म्हणजे ज्या भाषेचे आपण कौतुक करतो तिच्या जतनामागे जातीची भिंत उभी आहे.

याच किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यू राहत होते. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असे दोन गट होते आणि त्यांच्यात लग्नव्यवहार होत नसे. गोव्यात ख्रिस्ती झाल्यावरही बामण, चारडो, सुदीर हे भेद राहिले. वसईकडे सामवेदी, वाडवळ, कोळी असे ख्रिस्ती समाज आपापल्या जुन्या ओळखीने राहिले. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी मुंबई परिसरातल्या या ख्रिस्ती लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे एकत्र नाव घेतले. नाव एक झाले म्हणून आतल्या भिंती एका दिवसात पडल्या नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कोर्लईच्या लोकांना आम्ही 'दलित ख्रिस्ती' ठरवत नाही. त्यांची ओळख सांगण्याचा अधिकार त्यांचा आहे. आमचा मुद्दा एवढाच की "अमुक धर्मात जात नाही" हे वाक्य धर्मग्रंथाबद्दल खरे असेल, पण कोकणच्या किनाऱ्याबद्दल ते खरे नाही.

१९११ : श्रद्धेची पहिली मोठी चाचणी

आता मोजणीच्या इतिहासाकडे येऊ. धर्माची मोजणी म्हणजे रकान्यात धर्माचे नाव लिहिणे, असे आपल्याला वाटते. पण १९११ च्या जनगणनेत आयुक्त गेट यांनी वेगळाच प्रकार केला. 'हिंदू' या एका मोठ्या रकान्यात खरोखर कोण कोण आहे हे तपासण्यासाठी दहा कसोट्या ठेवल्या. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व मानत नाहीत असे कोण? वेद प्रमाण मानत नाहीत असे कोण? ब्राह्मण पुरोहित कोणाकडे येत नाही? हिंदूंच्या मंदिरात आत कोणाला प्रवेश नाही? कोणाच्या स्पर्शाने विटाळ होतो? प्रेते कोण पुरतात? गोमांस कोण खातात?

म्हणजे श्रद्धा आणि आचार यांचे सरकारी सर्वेक्षणच ते. त्यावर सवर्ण पुढाऱ्यांनी केवढा गहजब केला! कारण सरळ होते. १९०६ पासून कायदेमंडळातल्या प्रतिनिधित्वाची चर्चा सुरू झाली होती आणि डोकी मोजून जागा मिळणार होत्या. अस्पृश्य हिंदूंच्या बेरजेतून वजा झाले तर सवर्णांच्या वाट्याच्या जागा कमी होणार होत्या. तळ्यावर, देवळात, पंगतीत ज्याला जवळ करायचे नाही, तो जनगणनेच्या रकान्यात मात्र आपला!

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात या दहा कसोट्या सविस्तर मांडल्या आहेत. १९३२ मध्ये मताधिकार समितीत काम करताना त्यांनी हाच खेळ पुन्हा पाहिला. अस्पृश्यांना राजकीय हक्क द्यायची वेळ आली तेव्हा प्रांतोप्रांतीचे सवर्ण पुढारी सांगू लागले की आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच. काल लाखोंनी होते, आज नाहीसे झाले. आकडा लपवणे ही हक्क नाकारण्याची पहिली पायरी असते, हा धडा तेव्हाचा आहे.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाकडे कसे पाहिले?

१९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाल्यावर अनेक धर्मांची माणसे बाबासाहेबांकडे येऊ लागली. ख्रिस्ती मिशनरीही आले. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार भावनेने केला नाही. 'अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण' आणि 'धर्मांतरिताची स्थिती' या विषयांवरचे त्यांचे दोन निबंध महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील पाचव्या खंडात आहेत. तरुणांनी ते मुळातून वाचावेत.

पहिल्या निबंधात ते आकडेवारीपासूनच सुरुवात करतात. शतकानुशतके मिशनरी काम करत होते, पैसा ओतला जात होता, पाठीशी राज्यसत्ताही होती. तरी १९३१ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकसंख्या साधारण ६३ लाखांच्या घरात. एवढी कमी का? याचे एक कारण ते असे सांगतात की सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी आधी ब्राह्मण आणि वरच्या वर्गांना धर्मांतरित करण्याचा नाद धरला. जे खरोखर यायला तयार होते त्यांच्याकडे ते उशिरा वळले.

दुसऱ्या निबंधात प्रश्न आणखी टोकदार आहे. धर्मांतराने अस्पृश्याची स्थिती बदलली का? इथे ते दक्षिण भारतातल्या अस्पृश्य ख्रिस्ती लोकांनी सायमन कमिशनपुढे मांडलेले निवेदन पुढे ठेवतात. त्या लोकांचे म्हणणे होते की ख्रिस्ती होऊनही आम्ही होतो तिथेच आहोत, समाजाच्या लेखी अजून अस्पृश्यच आहोत. बाबासाहेब त्यापुढे जाऊन ख्रिस्ती शिकवणुकीवर आणि ख्रिस्ती समाजातल्या सुशिक्षितांवरही कठोर टीका करतात. माणसाच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधले की समाजव्यवस्थेशी लढायची गरज उरत नाही, हा त्या टीकेचा गाभा.

म्हणजे बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या. ख्रिस्ती धर्माने अस्पृश्याला लढाऊ बनवले नाही, ही एक. आणि ख्रिस्ती झालेला अस्पृश्य अजून अस्पृश्यतेचे चटके सोसतो आहे, ही दुसरी. आपल्यातले काहीजण पहिली गोष्ट उचलतात आणि दुसरी सोडून देतात. असे सोयीचे वाचन बाबासाहेबांच्या बाबतीत तरी होऊ नये.

शून्य कुठून आले?

भारत सरकारचा अनुसूचित जातींचा पहिला आदेश १९३६ चा, इंग्रजांच्या काळातला. त्यात स्पष्ट लिहिले होते की कोणताही भारतीय ख्रिस्ती अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. त्याच कलमात बंगालपुरते बौद्धांनाही बाहेर ठेवले होते. मित्रहो, ही ओळ पुन्हा वाचा. १९३६ मध्येच ख्रिस्ती आणि बौद्ध यांची नावे वगळण्याच्या एकाच कलमात शेजारी शेजारी होती.

स्वातंत्र्यानंतर १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने ठरवले की हिंदू धर्माशिवाय इतर धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची नाही. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आपण या आदेशाबाहेर गेलो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यपातळीवर सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या पातळीवर दार उघडायला १९९० साल उजाडावे लागले. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षे. या काळात आपल्याला काय ऐकवले गेले? "बौद्ध धम्मात जात नाही, मग तुम्हाला सवलत कशाला?" आज दलित ख्रिस्ती माणसाला नेमके हेच ऐकवले जाते.

या आदेशाचा थेट परिणाम जनगणनेवर होतो. प्रगणकाला सूचनाच असते की अनुसूचित जात फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यातच नोंदवायची. एखादा माणूस म्हणाला, "मी ख्रिस्ती आहे, आमची जात अमुक," तर धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती लिहिले जाते आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात तो बसत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ७८ लाख ख्रिस्ती नोंदले गेले, महाराष्ट्रात १० लाख ८० हजार. त्यात अनुसूचित जातीचे किती? शून्य. हा शून्य मोजून आलेला नाही. मोजायचेच नाही असे ठरवून आलेला आहे.

महाडचे तळे आणि मद्रासचा चर्मकार

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सूसाई यांचे प्रकरण आले. सूसाई हे मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारे आदिद्रविड समाजाचे गृहस्थ, धर्माने ख्रिस्ती. सरकारने चर्मकारांना टपऱ्या दिल्या. शेजारी बसणाऱ्या हिंदू चर्मकारांना त्या मिळाल्या, यांना नाही. काम तेच, रस्ता तोच, जात तीच, धर्म वेगळा.

न्यायालयाने काय म्हटले? ख्रिस्ती झाल्यावर जात उरते एवढे दाखवून भागणार नाही. जातीमुळे हिंदू समाजात जे हाल होतात ते ख्रिस्ती समाजातही तितक्याच तीव्रतेने चालू राहतात, हे दाखवले पाहिजे. आणि त्याबद्दलचा अधिकृत, सविस्तर अभ्यास न्यायालयापुढे आलेला नाही.

या तर्काचे चक्र पाहा. सरकार मोजणार नाही, कारण कायद्याने दलित ख्रिस्ती अस्तित्वात नाहीत. आणि कायदा बदलणार नाही, कारण मोजणी झालेली नाही. पुरावा नाही म्हणून हक्क नाही, हक्क नाही म्हणून पुरावा नाही.

याला उत्तर महाडमध्ये आहे. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या तळ्याचे पाणी परधर्मीयांना चालत होते, गुराढोरांना चालत होते, फक्त अस्पृश्यांना चालत नव्हते. डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी दावा लावला की तळे अनादि काळापासून फक्त आमच्या वापरात आहे. हा दावा महाडच्या कोर्टापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत चालला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. अनादि काळापासूनची रूढी आहे असे ज्यांनी म्हटले त्यांनी ती सिद्ध करायला हवी होती, आणि त्यांना ती सिद्ध करता आली नाही.

हा फरक आपल्या तरुण वकिलांनी नीट लक्षात घ्यावा. महाडमध्ये पुराव्याचे ओझे वगळणाऱ्यावर होते. सूसाईंच्या प्रकरणात ते वगळलेल्यावर टाकले गेले. टपरी न मिळालेल्या एका चर्मकाराने देशभरच्या ख्रिस्ती समाजाचा सविस्तर अभ्यास कोर्टात आणायचा! ज्या सरकारकडे लाखो प्रगणक आहेत ते सरकार हाताची घडी घालून बसणार. महाडचा न्याय लावायचा तर प्रश्न उलटा विचारला पाहिजे. धर्म बदलल्याने जात संपली असे सरकारचे म्हणणे असेल तर ते सरकारने सिद्ध करावे. त्यासाठी मोजावे.

९ आणि ३३ मधला फरक काय सांगतो?

आता उरलेल्या तीन आकड्यांकडे वळू.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६१ व्या फेरीची, म्हणजे २००४-०५ ची आकडेवारी आहे. त्यात ख्रिस्ती लोकांपैकी ९ टक्के अनुसूचित जातीचे, ३२.८ टक्के अनुसूचित जमातीचे, तर बौद्धांपैकी ८९.५ टक्के अनुसूचित जातीचे दिसतात.

प्यू संशोधन केंद्राने नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात देशभर २९,९९९ प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. अहवाल जून २०२१ मध्ये आला. त्यात बौद्धांपैकी ८९ टक्के लोकांनी स्वतःला अनुसूचित जातीचे सांगितले. ख्रिस्ती लोकांपैकी ३३ टक्क्यांनी तसे सांगितले.

बौद्धांचा आकडा दोन्ही सर्वेक्षणांत जवळजवळ सारखा आहे. ख्रिस्ती लोकांचा मात्र ९ वरून थेट ३३ वर जातो. असे का? दोन सर्वेक्षणांच्या पद्धती आणि काळ वेगळे आहेत, हे मान्य. पण आम्हाला यात कायद्याची सावली दिसते. बौद्धांना १९९० पासून जातीचा दाखला मिळतो, त्यामुळे सरकारी माणसापुढे आणि खाजगी संस्थेपुढे उत्तर एकच येते. ख्रिस्ती माणसाला दाखला नाही. सरकारी फॉर्म समोर आला की तो इतर मागासवर्ग सांगतो किंवा काहीच सांगत नाही. फॉर्म सरकारी नसेल, उत्तराने काही हातचे जाणार नसेल, तर मनात आहे ते सांगतो. वस्त्यांमध्ये सर्वेक्षणाचे काम केलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला हे नवीन नाही. दारात आलेला माणूस कोण आहे हे पाहून लोक उत्तर देतात.

चौथा आकडा चर्चचा. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. त्यात देशातल्या १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित असल्याचे म्हटले आहे आणि चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो ही कबुलीही आहे. तरी पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला ते. एवढी संख्या असून इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न चर्चने स्वतःला विचारावा. दलित ख्रिस्ती कार्यकर्ते तो विचारतच आहेत.

श्रद्धेचे आकडे आणि त्यांचा वापर

प्यूच्या अहवालातले श्रद्धेबद्दलचे आकडे समाजमाध्यमांवर फार फिरले. भारतातल्या ख्रिस्ती लोकांपैकी ५४ टक्के कर्मसिद्धान्त मानतात, ३२ टक्के गंगेच्या पावनत्वावर विश्वास ठेवतात, २९ टक्के पुनर्जन्म मानतात, ३१ टक्के दिवाळी साजरी करतात. झाले! लगेच काहींनी निष्कर्ष काढला, "बघा, हे मुळात हिंदूच आहेत. घरवापसी करा."

यात दोन फसवणुकी आहेत. पहिली, आकड्याची. देशभरात मुलाखत घेतलेले ख्रिस्ती १,०११. त्यात केरळ आले, गोवा आले, ईशान्य भारत आला. या सरासरीवरून कोर्लईचा कोळीवाड्याशेजारचा ख्रिस्ती किंवा अहमदनगरकडचा महार-मांगांतून आलेला ख्रिस्ती काय मानतो हे कळत नाही. ती देशाची ढोबळ सरासरी आहे, तिचा वापर तेवढ्यापुरताच करावा. याच सर्वेक्षणात फक्त ७१९ बौद्ध होते, हेही लक्षात ठेवा. त्यातल्या एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही असे सांगितले म्हणून आपण खूष होतो. मग उरलेल्या दोन तृतीयांशांचे काय, हा प्रश्न आपल्याला पडला पाहिजे.

दुसरी फसवणूक तर्काची. १९११ मध्ये आचारावरून अस्पृश्यांना हिंदूंपासून वेगळे मोजायचे ठरले तेव्हा आरडाओरडा झाला की आचार वेगळा असला म्हणून काय झाले, ते हिंदूच! आता शंभर वर्षांनी आचारात थोडे साम्य दिसले की म्हणायचे, आचार सारखा आहे म्हणून ते हिंदूच! आचार वेगळा असो की सारखा, उत्तर आधीच ठरलेले. मग सर्वेक्षण कशाला करायचे?

कर्म मानण्याचा प्रश्न आपण आपल्या बाजूने वाचू. "तुझे हाल मागच्या जन्मीच्या पापाने" ही शिकवण जातिव्यवस्थेची दोरी आहे. ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या मनातही ती शिल्लक असेल, तर त्याचा अर्थ तो 'मुळात हिंदू' आहे असा होत नाही. धर्म बदलला तरी मनावरची जातीची पकड सुटायला पिढ्या जातात, असा होतो. हे आपल्या घरांनाही लागू आहे. बावीस प्रतिज्ञा घेऊनही गणपती बसवणारी घरे आपण पाहतो. तिथे आपण त्या घराला 'हिंदू' म्हणून सोडून देत नाही, प्रबोधन करतो.

याच अहवालातला एक आकडा मात्र फारसा कोणी फिरवला नाही. हिंदू धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्यांपैकी ४८ टक्के अनुसूचित जातींतले आहेत. आणि ख्रिस्ती झालेल्यांपैकी ४७ टक्के लोक म्हणतात की देशात अनुसूचित जातींशी खूप भेदभाव होतो. एकूण भारतीयांत असे म्हणणारे फक्त २० टक्के. म्हणजे धर्म सोडणारा माणूस तांदळाच्या पोत्यासाठी जातो ही टवाळी खोटी आहे. त्याला भेदभाव इतरांपेक्षा स्पष्ट दिसतो. तो आपलाच माणूस आहे, वाट वेगळी धरलेला.

"मग आपल्या आरक्षणाचे काय?"

हा प्रश्न तरुण विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. केंद्रात १५ टक्के, महाराष्ट्रात १३ टक्के. त्यातच आणखी लोक आले तर वाटा कमी होईल, ही भीती खरी आहे. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली तेव्हा आयोगाच्या सदस्य-सचिवांनीच वेगळे मत नोंदवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. वाद चालू आहे.

आमची भूमिका अशी. लोकसंख्या वाढली तर वाटा वाढला पाहिजे, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायची. ५० टक्क्यांची मर्यादा मोडता येत नाही असे आपल्याला वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांच्या नावाने १० टक्के देताना ती मोडली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. वरच्यांसाठी मर्यादा लवचिक आणि खालच्यांसाठी दगडी, हे चालणार नाही.

शिवाय सगळा प्रश्न नोकऱ्यांचा नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा घ्या. त्यात कोणाचा वाटा कमी होतो? एका दलित ख्रिस्ती माणसाला जातीवरून मारहाण झाली आणि त्याला या कायद्याचे संरक्षण मिळाले, तर आपल्या ताटातले काय जाते? तरीही २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ख्रिस्ती झालेल्याला या कायद्याचे संरक्षण नाही असे म्हटले. मारणाऱ्याला जात दिसते, कायद्याला दिसत नाही.

येत्या जनगणनेत काय करायचे?

१९३१ नंतर प्रथमच येत्या जनगणनेत सर्वांची जात नोंदवली जाणार आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने तसा निर्णय जाहीर केला. मोजणीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. संधी मोठी आहे, म्हणून कामही मोठे आहे.

आकड्याची ताकद आपल्याला माहीत आहे. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ मध्ये बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये झाले २७,८९,५०१. दीक्षाभूमीवर जे घडले ते जगाला पटवणारा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे हा एक आकडा. तो आपोआप आला नाही. दारात आलेल्या प्रगणकाला गावोगावच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या आयाबायांनी ठामपणे सांगितले, "बौद्ध लिहा." म्हणून तो आला.

आज दोन कामे आहेत. पहिले आपल्या घरातले. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात आदेशातील जातीचे नाव, दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. २०११ मध्ये देशात ८४ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले, पण अनुसूचित जातीचे बौद्ध ५७ लाखांच्या आसपास. या फरकात लडाख, सिक्कीम, अरुणाचलचे बौद्ध आहेत हे खरे. पण जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' लिहून मोकळे झालेली आपली घरे त्यात नाहीत असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? जातीचा अभिमान म्हणून ती लिहायची नाही. अन्यायाची नोंद म्हणून लिहायची.

दुसरे काम शेजारच्या वस्तीतले. अलिबाग, मुरूड, उरण, पनवेल, जिथे जिथे ख्रिस्ती बांधव आहेत तिथे जाऊन बोला. जात सांगायला लाज वाटत असेल तर ती का वाटते हे समजून घ्या. चर्चच्या मंडळींना विचारा की बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या तुम्ही पिढ्यानपिढ्या ठेवता, मग आपल्या समाजातल्या जातिभेदाचा अभ्यास पॅरिशवार का करत नाही? आणि कोणी आपल्याला म्हणाले की "ते गेले, आता त्यांचा आपला संबंध नाही," तर त्याला १९३६ चे ते कलम दाखवा. वगळणाऱ्यांनी आपल्याला आणि त्यांना एकाच ओळीत बसवले होते.

चवदार तळ्यावर आपण फक्त पाणी प्यायला गेलो नव्हतो. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला गेलो होतो. माणूस म्हणून मोजले जाणे ही त्याच लढ्याची पुढची पायरी आहे. ती आपल्यापुरती चढून झाली म्हणून मागून येणाऱ्यासाठी दार लावून घेणे आंबेडकरी माणसाला शोभणारे नाही.

जय भीम!